नाण्यावरील ठसे : रौप्य नाण्यांच्या पृष्ठभागावरील इजांचा एक विचार

(१)

मराठीत ‘ठसा’ हा शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींना लावला जातो. टांकसाळीत धातूच्या चकतीवर राजचिन्हांची जी छाप उठविली जाते ती ठसा. आणि त्याच चकतीला कोणी उघडा हात लावला असता तिच्यावर बोटाच्या रेषांचे जे जाळे उमटते तोही ठसाच. पहिल्या ठशाने नाणे जन्माला येते. दुसऱ्याने, संग्राहकांच्या समजुतीप्रमाणे, ते बिघडते. या दोहोंच्या मधल्या काळात नाण्यावर आणखी कितीतरी खुणा होत असतात. दुसरा राजा त्यावर आपली मुद्रा उठवितो, सराफ बारीक खूण करतो, कोणी छिन्नीने धातू तपासतो, कोणी कडी डाखून ते गळ्यात घालतो, आणि हजारो हातांतून जाताना ते झिजत राहते. या साऱ्यांना आपण सरसकट ‘इजा’ म्हणतो. परंतु यांपैकी कोणती इजा इतिहासाचे साधन समजावी आणि कोणती निव्वळ हानी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार रौप्य नाण्यांपुरता करावयाचा आहे. लेखक व्यवसायाने भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. त्यामुळे नाण्यांबरोबरच नाण्यांविषयीच्या शब्दांकडेही त्याचे लक्ष जावे हे स्वाभाविक आहे.

या विचाराचे निमित्त घरगुती आहे. लेखकाचे घर कल्याणच्या पुढे, शहाड व टिटवाळा या स्थानकांच्या दरम्यान असलेल्या आंबिवली येथे आहे. घरात एक लहानसा पितळी डबा असून त्यात व्हिक्टोरिया राणीच्या मुद्रेचे काही रुपये पिढ्यान् पिढ्या जपलेले आहेत. ते वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, बाहेर निघतात. त्यांना पंचामृताचे स्नान घडते, हळदकुंकू वाहिले जाते आणि दुसऱ्या दिवशी ते पुसून पुन्हा डब्यात जातात. पूजेच्या आधी हे रुपये रांगोळीने घासून लखलखीत करण्याचे काम लहानपणी लेखकाकडे असे, आणि ते तो मोठ्या अभिमानाने करी. पुढे नाणकशास्त्राशी थोडाफार परिचय झाल्यावर हेच रुपये भिंगाखाली धरून पाहिले, तेव्हा एका रुपयावर राणीच्या गालावर अंगठ्याचा तपकिरी ठसा कायमचा बसलेला आढळला. तो कोणाचा हे आता सांगता येत नाही. मात्र त्याच्या आकारावरून तो एखाद्या लहान मुलाचा असावा.

(२)

नाणे आणि इजा यांचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे, आणि तो भाषेत नोंदला गेला आहे. भारतातील सर्वांत प्राचीन रौप्य नाण्यांना मराठी अभ्यासक ‘आहत नाणी’ म्हणतात. ‘आहत’ म्हणजे ज्यावर आघात झाला आहे असे. जखमी मनुष्यालाही संस्कृतात हेच विशेषण लागते. पाणिनीने ‘रूप्य’ हा शब्द सिद्ध करताना त्याचा एक अर्थ ‘आहत’ असाच दिला आहे. ज्याच्यावर रूप, म्हणजे आकृती, ठोकून उठविली आहे ते रूप्य. आपले ‘रुपे’ आणि ‘रुपया’ हे दोन्ही शब्द याच कुळातले आहेत. तेव्हा नाण्याच्या बाबतीत आघात हा अपघात नसून नाणेपणाचे लक्षणच आहे, असे ही परिभाषा सुचविते. ज्यावर घाव पडलेला नाही ते रुपे असेल, नाणे नव्हे.

ते पारखणारा मनुष्यही तितकाच जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याला ‘रूपदर्शक’ म्हटले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘नाणकपरीक्षी’ असा शब्द येतो, आणि जो परीक्षक खऱ्या नाण्याला खोटे किंवा खोट्याला खरे म्हणेल त्याला सर्वांत मोठ्या दंडाची शिक्षा सांगितली आहे. ‘नाणक’ या शब्दाचा संबंध काही विद्वानांनी कुषाणांच्या नाण्यांवरील नना या देवतेशी जोडला आहे. व्युत्पत्ती कोणतीही असो, मराठीतील ‘नाणे’ या शब्दामागे परीक्षेची ही परंपरा उभी आहे; कस, कसोटी, पारख, खोट हे शब्द तिचेच साक्षीदार होत.

आहत नाण्यांच्या एका बाजूवर राजसत्तेची म्हणून मानलेली चिन्हे असतात. दुसऱ्या बाजूवर कित्येकदा अगदी बारीक अशी अनेक चिन्हे उठविलेली दिसतात. या बारीक चिन्हांकडे गंभीरपणे पाहणाऱ्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव आवर्जून घ्यावे लागते. १९४० च्या सुमारास, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असताना, त्यांनी आहत नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला. तक्षशिलेच्या निधींतील नाण्यांच्या वजनांवरून त्यांनी असे दाखविले की, मागील बाजूवरील चिन्हांची संख्या जसजशी वाढत जाते तसतसे नाण्यांचे सरासरी वजन कमी होत जाते. याचा अर्थ उघड आहे. ही चिन्हे एकाच वेळी उमटलेली नसून नाणे चलनात असताना वेळोवेळी झालेल्या तपासणीच्या त्या खुणा आहेत. आणि प्रत्येक तपासणीच्या दरम्यान नाणे थोडेथोडे झिजत होते. झिजेचे हे गणित हाती आल्यावर कोणता गट आधीचा व कोणता नंतरचा, हे ठरविण्याचा एक नवा मार्ग मोकळा झाला. आपले गणित तपासून पाहण्यासाठी कोसंबींनी चलनातील आधुनिक नाणीही एकेक करून तोलली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आहत नाण्याचे वजन साधारणतः साडेतीन ग्रॅमच्या आतच असते. कोसंबींचे निष्कर्ष ज्या फरकांवर उभे आहेत ते याच्याही अत्यल्प अंशाचे आहेत. संग्राहक ज्याला ‘झिजलेले म्हणून कमी प्रतीचे’ नाणे म्हणून बाजूला सारतो, त्याच्या झिजेतच एका शास्त्रीय पद्धतीचा पाया होता. आणि असेच नाणे कोणी चकचकीत करण्यासाठी एकदा घासले असते, तर चलनातील झीज व घासण्याची झीज यांतील भेद जगातल्या कोणत्याही तराजूला दाखविता आला नसता.

(३)

इजा म्हणजेच दस्तऐवज, याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र तक्षशिलेइतके दूर शोधावे लागत नाही. आंबिवलीवरून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग पुढे थळ घाट चढून नाशिकला पोहोचतो. प्राचीन काळी कल्याण बंदरातून देशावर जाणाऱ्या वाटांपैकी एक याच दिशेने जात असे, तर दुसरी मुरबाडकडून नाणेघाट चढून जुन्नरला. त्या घाटाच्या नावात लोक आजही ‘नाणे’ ऐकतात, आणि माथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता असे सांगतात. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख असून, राजकीय बदलामुळे तेथील व्यापारावर निर्बंध आले आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा संभव असे, असे म्हटले आहे. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्यातील संघर्षाची ही छाया होय. त्याच ग्रंथात भडोचच्या बाजारात अपोलोडोटस व मिनँडर या ग्रीक राजांची जुनी नाणी अजून चालत असल्याची नोंद आहे. म्हणजे राज्ये गेली तरी त्यांची झिजलेली नाणी हातोहात फिरतच होती.

या संघर्षाचा धातूवर लिहिलेला पुरावा १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे हाती आला. तेथे सापडलेल्या निधीत क्षहरात क्षत्रप नहपान याची १३,२५० रौप्य नाणी होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास करून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १९०८ साली तो प्रसिद्ध केला. या नाण्यांवर एका बाजूला राजाचे मुख व भोवती ग्रीक लिपीतील अक्षरे, तर दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांतील लेख असतो. दोन ग्रॅमच्या आसपास वजनाच्या चकतीवर तीन लिप्या! भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला एवढ्यानेही ही नाणी मोलाची वाटतील. परंतु या निधीचे खरे महत्त्व वेगळेच आहे. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उठविली होती. एका बाजूला कमानींचा डोंगर, त्याच्याखाली नागमोडी रेषा व भोवती गौतमीपुत्राच्या नावाचा प्राकृत लेख. दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह.

नाशिकच्या लेण्यातील प्रसिद्ध शिलालेखात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचे सांगितले आहे. शिलालेखातील हे विधान राजस्तुतीच्या ओघात आलेले आहे. त्यावर एकट्यावर इतिहासकाराने फार भिस्त ठेवू नये. जोगळटेंभीची नाणी मात्र स्तुती करीत नाहीत. नहपानाच्या चेहऱ्यावर पडलेला डोंगराचा ठसा हा विजयाचा प्रत्यक्ष पुरावा आहे, आणि तो हजारोंच्या संख्येने आहे. शिवाय गौतमीपुत्राने ही नाणी वितळविली नाहीत. वितळविली असती तर नहपानाची आठवणच पुसली गेली असती. त्याने ती तशीच ठेवून वर आपली मुद्रा मारली. त्यामुळे दोन्ही राजे एकाच चकतीवर, एकावर एक, आपल्यापर्यंत पोहोचले. निधीतील काही नाणी पुनर्मुद्रित तर काही तशीच आहेत, यावरून हा ठेवा सत्तांतरानंतर फार काळ न लोटताच पुरला गेला असावा, असे अनुमान निघते.

या नाण्यांची त्या काळी काय पत होती, याची कल्पना नाशिकच्याच दुसऱ्या शिलालेखावरून येते. नहपानाचा जामात उषवदात याने दिलेल्या दानांत ७०,००० कार्षापणांचा हिशेब २,००० सुवर्णांशी, म्हणजे ३५ कार्षापणांस एक सुवर्ण या दराने, घातलेला आहे. हे कार्षापण बहुधा अशीच रौप्य नाणी असावीत. अशा चलनावर पुन्हा ठसा मारणे म्हणजे बाजारातल्या प्रत्येक व्यवहारात नव्या राजाचे नाव उच्चारायला लावणे होय.

आता या नाण्याकडे शुद्ध संग्राहकाच्या दृष्टीने पाहावे. चेहरा विद्रूप झालेला, अक्षरे एकमेकांत गुंतलेली, कडा वेड्यावाकड्या. निर्दोष पृष्ठभागाचा आग्रह धरणारा मनुष्य ते बाजूला ठेवील. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वरच्या ठशाखाली उरलेला नहपानाचा नाक-डोळा किंवा ग्रीक अक्षराची एखादी रेघ हा त्या नाण्यावरचा सर्वांत उथळ उठाव असतो. कोणत्याही घर्षणात प्रथम नाहीसे होते ते हेच. असे नाणे रांगोळीने घासले तर गौतमीपुत्राचा डोंगर उजळून निघेल. मात्र त्याच्या खालचा पराभूत राजा कायमचा पुसला जाईल. गौतमीपुत्राच्या कारागिराने जे केले नाही, ते घासणारा करील.

(४)

उत्तरकालीन रुपयांवर अशाच प्रकारच्या, पण अधिक सामान्य माणसांच्या हातच्या खुणा आढळतात. मोगल व मराठा काळातील अनेक रुपयांवर लहान फुली, टिंब, चांदणी अशा आकाराचे छोटे ठसे असतात; या सराफी खुणा होत. रुपया आतून तांब्याचा तर नाही, त्याचा कस बरोबर आहे किंवा नाही, हे पाहून सराफ त्यावर आपली खूण करी. पेशवाईत अंकुशी, चांदवडी इत्यादी अनेक प्रकारचे रुपये एकाच वेळी चालत; त्यांचा कस व वजन सारखे नसे, आणि एका रुपयाच्या बदल्यात दुसरा घ्यावयाचा तर ‘बट्टा’ द्यावा लागे. झीज झाली तर बट्टा वाढे. हाच शब्द आपण माणसाच्या अब्रूलाही लावतो. नाण्यावर बट्टा बसतो आणि घराण्याच्या नावालाही बट्टा लागतो. पैशाच्या व्यवहारातील एक वजाबाकी मराठी मनाने कलंकाच्या अर्थापर्यंत नेली. उलट, अनेकांच्या हातून पारखला जाऊन खरा ठरलेला मनुष्य ‘नाणावलेला’ ठरतो. एकच परीक्षा, पण नाण्याची झीज हा दोष आणि माणसाचे नाणावलेपण हा गुण, असे दुहेरी मूल्यमापन भाषेत आहे. संग्रहाच्या बाबतीतही आपण बहुधा पहिल्याच अर्थाला चिकटून राहतो.

इंग्रजी अमदानीत १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी असलेला रुपया सर्वत्र रूढ झाला, आणि सराफी खुणांचे कारण हळूहळू संपले. तथापि झिजेचा हिशेब संपला नाही. १९०६ च्या नाणे-कायद्याने रुपयाचे वजन ठराविक प्रमाणापेक्षा शेकडा २ हून अधिक घटलेले नसावे आणि तो विद्रूप केलेला नसावा, अशी अट घातली होती. म्हणजे जे काम पूर्वी सराफाच्या नजरेवर सोपविलेले होते ते आता कायद्याच्या कलमात आले.

परीक्षेचा घाव हा केवळ आपल्याकडचा प्रकार नव्हे. दक्षिणेत पुदुकोट्टै येथे १८९८ साली सापडलेल्या रोमन सुवर्णनाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर सम्राटाच्या मुखावर मुद्दाम छिन्नी चालविलेली आहे. परकीय सम्राटाची मुद्रा चलन म्हणून चालू नये म्हणून हे केले असावे, असे मत मांडले गेले आहे. त्या घावाचा हेतू काय याविषयी मतभेद होऊ शकतो. पण घाव आहे म्हणूनच हा प्रश्न विचारता येतो.

(५)

आतापर्यंत ज्या इजांचा विचार केला त्या साऱ्या नाणे ‘नाणे’ असतानाच्या आहेत. बोटाचा ठसा ही गोष्ट मात्र निराळ्या वर्गातील आहे. चलनातील नाण्यावर हजारो बोटे पडतात, पण त्यांपैकी एकाचाही ठसा टिकत नाही. पुढचा हात मागच्या हाताची खूण पुसून टाकतो. ठसा टिकतो तो नाणे फिरायचे थांबल्यावर. त्या अर्थाने बोटाचा ठसा ही नाण्याच्या निवृत्तीनंतरची पहिली खूण आहे.

त्याची क्रिया समजून घेणे आवश्यक आहे. तळहात व बोटे यांवरील घामात पाण्याबरोबर मीठ, लॅक्टिक आम्ल, युरिया इत्यादी द्रव्ये असतात; चेहऱ्याला, केसांना हात लागून आलेला तेलकट अंशही त्यांत मिसळतो. बोट टेकताच त्याच्या रेषांच्या आकाराने ही द्रव्ये धातूवर बसतात. प्रथम काहीच दिसत नाही. पुढे हवेतील दमटपणाच्या साहाय्याने मिठातील क्लोराइड चांदीवर क्रिया करू लागते. रुपयात मिसळलेले तांबे त्याहून लवकर बाधते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रेषा पिवळट, मग तपकिरी दिसू लागतात. एव्हाना तो ठसा धातूवर राहिलेला नसतो. तो धातूत उतरलेला असतो. कल्याण-आंबिवलीच्या पावसाळी हवेत या क्रियेला वेगळे निमंत्रण द्यावे लागत नाही. १९४० नंतरच्या रुपयांत चांदी निम्मीच असून तांब्याचे प्रमाण मोठे आहे; त्यांची या बाबतीत अधिकच काळजी घ्यावी लागते.

चांदीचा सर्वसाधारण काळेपणा ही निराळी गोष्ट आहे. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. तो जसजसा जाड होतो तसतसे पिवळा, तांबूस, जांभळा, निळा व शेवटी काळा असे रंग दिसतात. लोकर, रबर, हलक्या प्रतीचा पुठ्ठा यांच्या सान्निध्याने आणि धुराने हा काळेपणा वाढतो. परंतु सर्वत्र सारखा बसलेला असा पातळ थर नाण्याचे तपशील नष्ट करीत नाही; कित्येकदा तो उठावातील बारकावे अधिक स्पष्ट करतो. त्याला रोग समजून उपचार करण्याची घाई करू नये.

(६)

खरी हानी पुष्कळदा ठशाने होत नाही. ती ठसा घालविण्याच्या प्रयत्नाने होते. धातूत उतरलेला ठसा काढावयाचा तर त्याच्या खोलीइतका धातू काढावा लागतो, आणि तो काही त्या ठशापुरताच निघत नाही. रांगोळी, राख, दंतमंजन हे सारे घर्षणाचे प्रकार आहेत; ते उठावाच्या माथ्यावरून प्रथम चांदी नेतात. चिंच आणि लिंबू यांची आम्ले मिश्रधातूतील तांबे विरघळवितात. बाजारातील तयार द्रावणांत बहुधा थायोयुरिया व आम्ल असते. त्यांत बुडविलेले नाणे क्षणात पांढरे होते, पण टांकसाळीच्या आघाताने धातूला आलेला मूळचा झळाळ त्याबरोबरच जातो. ॲल्युमिनियमचे पत्रे व धुण्याचा सोडा यांच्या साहाय्याने काळेपणा घालविण्याची युक्ती तुलनेने सौम्य म्हणून सांगितली जाते; तीतही पृष्ठभाग सच्छिद्र व निस्तेज राहण्याचा धोका असतोच. या सर्व उपायांत नाणे उजळते; पण ते वाचण्याजोगे राहते असे नाही.

आंबिवलीच्या डब्यातील रुपयांकडे येथे परत यावयास हवे. त्यांतील काहींवर १८६२ हे साल आहे. १८६२ सालाचे रुपये केवळ त्याच वर्षी पाडले गेले नाहीत. १८७४ पर्यंत त्यावरील साल गोठलेलेच राहिले. मग कोणता रुपया कोणत्या वर्षाचा? नाणकशास्त्रज्ञांनी यावर उत्तर शोधले ते मागील बाजूवर, सालाच्या अंकांच्या आसपास असलेल्या बारीक बिंदूंत. मुंबईच्या टांकसाळीतील रुपयांवर या बिंदूंची संख्या व जागा बदलत जाते, आणि ते टांकसाळीचे वर्षसंकेत असावेत असे मानले जाते. टाचणीच्या डोक्याहूनही लहान असे हे बिंदू म्हणजे त्या रुपयाचा जन्मदाखला होय. लेखकाच्या घरच्या दोन रुपयांवर बिंदूंच्या जागी आता सपाट, गुळगुळीत चांदी आहे. पुरावा नष्ट करणारा हात कोणाचा, हे येथे शोधावे लागत नाही. राणीच्या गालावरचा अंगठ्याचा ठसा अजून आहे, आणि त्याने एकही अक्षर पुसलेले नाही. त्याच मुलाच्या हातातील रांगोळीने मात्र दोन नाण्यांची सालेच नेली.

(७)

मग कसोटी कोणती? लेखकाच्या मते प्रश्न खूण चांगली की वाईट हा नसावा. ती खूण नाण्यावर काही नोंदविते की नाण्यावरचे काही पुसते, हा असावा. गौतमीपुत्राचा ठसा, सराफाची फुली, चलनातील झीज या साऱ्यांनी मूळ ठशाचा काही अंश घेतला. पण त्याच्या मोबदल्यात दुसरी माहिती ठेवली. घासणे काहीच ठेवीत नाही. बोटाचा ठसा या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. तो पडू देऊ नये, हे निर्विवाद. पण पडून धातूत उतरल्यावर तो काढण्याच्या भरीस पडू नये, हेही तितकेच निश्चित.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. नाणे नेहमी कडेने धरावे, दोन्ही मुखांस बोट लावू नये, आणि पाहताना खाली मऊ कापड असावे. ठसा ताजा असेल, तर शुद्ध ॲसिटोनने तेलकट अंश व त्यानंतर ऊर्ध्वपातित पाण्याने क्षार काढता येतात. मात्र नाणे चोळू नये, टिपून कोरडे करावे, आणि ॲसिटोन ज्वालाग्राही असल्याने जवळपास विस्तव नसावा. पी.व्ही.सी. या प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळाव्यात. कालांतराने त्यांतून निघणारी द्रव्ये नाण्यावर हिरवट चिकट थर आणतात. जमिनीतून निघालेल्या नाण्यांना तर घरच्या घरी कोणताही उपचार करू नये. १८७८ च्या निखात-निधी कायद्यान्वये अशी सापडणूक जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे; आणि नाण्यांना चिकटलेली माती व ती कोणत्या भांड्यात, कोणत्या क्रमाने होती, हीही पुराव्याचाच भाग असते. जोगळटेंभीचा ठेवा सोनाराच्या मुशीत गेला असता, तर आज गौतमीपुत्राच्या विजयाविषयी आपल्याकडे एका मातेने कोरविलेली स्तुती आणि काही तुरळक नाणी एवढाच आधार उरला असता.

एक कठीण प्रसंग मात्र उरतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पूजेतील रुपयाच्या अक्षरांत शंभर वर्षांचे हळदकुंकू साचलेले असते. खेड्यातील स्त्रीच्या गळ्यातील माळेच्या रुपयाला डाख दिलेली कडी असते. बाजारात अशा रुपयाची किंमत घटते. परंतु नाण्याचे देवात व दागिन्यात रूपांतर होणे हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचाच भाग आहे. कडी काढून किंवा कुंकू खरवडून तो रुपया ‘मूळ स्थितीत’ येत नाही, एका इतिहासाला मुकलेला मात्र होतो. आणि ज्या घरात तो पूजिला जातो तेथे जाऊन पंचामृत बंद करा, असे सांगण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. त्याने फार तर नाण्याचे वजन, छायाचित्र व वर्णन आधी करून ठेवावे आणि घासण्यापुरती विनंती करावी.

ग्रंथसंपादनाच्या क्षेत्रात हा धडा आपण केव्हाच शिकलो आहोत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना विष्णु सीताराम सुखठणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तलिखितांतील भिन्न पाठ टाकून दिले नाहीत. स्वीकृत पाठाखाली ते एकेक करून नोंदले. लेखनिकाची चूकही त्यांना साधन वाटली, कारण त्या चुकीवरून पोथ्यांची कुळे लावता येतात. चांदीच्या चकतीलाही हीच दृष्टी लावावयाची आहे. तिच्यावरही मूळ पाठ आहे, प्रक्षेप आहेत, पुसट झालेली अक्षरे आहेत आणि समासात कोणा अनामिकाने केलेली खूण आहे. पोथी स्वच्छ दिसावी म्हणून कोणी समास कापीत नाही.

लेखकाच्या घरी यंदाच्या लक्ष्मीपूजनास ते रुपये नेहमीप्रमाणे पाटावर मांडले गेले. हळदकुंकू वाहिले, पंचामृतही झाले, आणि नंतर ते साध्या पाण्याने धुऊन, टिपून, कोरडे करून ठेवले. रांगोळी मात्र उंबरठ्यापुढेच राहिली. अंगठ्याचा ठसा असलेला रुपया वेगळ्या कागदात ठेवला असून त्यासोबत एक चिठ्ठी आहे. तीत रुपयाचे वजन, त्यावरील साल, आणि गालावर बहुधा एका मुलाच्या अंगठ्याचा ठसा असल्याची नोंद केली आहे.